आषाढातल्या मापाची अंगठी

मित्रांनो, मी एक जुनी अंगठी आहे. साखरपुड्याची. सोन्याची असले तरी फार मिरवावे असे माझ्यात काही नाही. वर मसुरीच्या दाण्याएवढा लाल खडा आणि खाली साधे वळे. वळ्याच्या एका बाजूला डाख दिल्याची, म्हणजे चीर सोन्याने सांधल्याची, खूण आहे. ती तुम्हाला लगेच दिसेल, कारण तिथले सोने जरा निराळ्या रंगाचे आहे. नव्या अंगठ्या त्या खुणेकडे पाहून नाक मुरडतात. मुरडू देत बापड्या! एके काळी मीही तशीच होते. मला माझे जुनेपण नकोसे झाले होते. मोडून, आटवून, कोरी करकरीत व्हायची मला कोण घाई झाली होती! ती हकीकत मी आज तुम्हाला सांगणार आहे, आणि माझी स्वतःची चूक त्यातून वगळणार नाही.

माझा जन्म एकोणीसशे चौतीस सालचा, कामशेतच्या बाजारपेठेतला. तिथे धोंडिबा सोनारांचे दुकान होते. दुकान कसले, एक ओटा, त्यावर शेगडी, फुंकणी, चिमटे आणि चष्म्याआडून रोखून पाहणारे धोंडिबा. त्या वर्षी श्रावणात टाकवे बुद्रुकचा एक तरुण शेतकरी त्यांच्या ओट्यावर येऊन बसला. त्याचे नाव रखमाजी. त्याचे लग्न नाणे गावच्या कस्तुराशी ठरले होते आणि साखरपुडा दिवाळीनंतर व्हायचा होता. रखमाजीने कनवटीला खोचलेला एक दोरा काढला. दोऱ्याला गाठ मारून त्याचे लहानसे कडे केलेले होते.

"ह्या मापाची करा," तो म्हणाला.

"माप कुणी घेतलं?" धोंडिबांनी विचारले.

"घेतलं कुनीतरी," असे म्हणून रखमाजी रस्त्यावरची माणसे बघू लागला.

माप घेतले होते त्यानेच. त्या काळी ठरलेल्या मुलीला भेटायची रीत नव्हती. पण आषाढात नाण्याला, कस्तुराच्या शेजाऱ्यांच्या शेतात, भातलावणीची इर्जिक होती. इर्जिक म्हणजे एकाच्या शेताला सगळ्यांनी हात लावायचा आणि संध्याकाळी त्याच्या घरी जेवायचे. रखमाजी आपली बैलजोडी घेऊन तिथे हजर! चिखलणी झाल्यावर तो बांधावरून रोपांच्या जुड्या बायकांना नेऊन देऊ लागला. कस्तुरापाशी आल्यावर त्याने जुडी दिली आणि जुडीबरोबर उपरण्याचा एक दोरा पुढे केला. कस्तुराने मान वर केली नाही. पण चिखलाचे बोट तिने पुढे धरले. त्याने दोरा गुंडाळला, गाठ मारली आणि तो पुढच्या बाईकडे गेला. कुणाच्या काही लक्षात आले नाही.

आता या शहाण्याची चूक ऐका. लावणीत दिवसभर हात पाण्यात आणि चिखलात असतात. बोटे पार फुगून जातात. भात पिकवणाऱ्या माणसाला हे ठाऊक असतेच, पण रखमाजीच्या डोक्यात त्या दिवशी भात नव्हते. धोंडिबा तर सोनार, त्यांनी आलेल्या दोऱ्याबरहुकूम मला घडवले.

साखरपुडा कार्तिकात झाला. तोवर कस्तुराची बोटे पुन्हा बारीक झाली होती. मला तिच्या बोटात घातले आणि मी सरळ घरंगळून समोरच्या साखरेच्या ताटात पडले. केवढा हशा झाला! माझी तर लाजेने पुरेवाट झाली. रखमाजीचे वडील भिमाजी मात्र संतापले. "सोनाराला परत द्या, कापून ल्हान करू द्या," ते म्हणाले.

तेव्हा कस्तुराने, त्या सगळ्या मंडळींत, पहिल्यांदा तोंड उघडले. "ऱ्हाऊ द्या मामा. म्या दोरा गुंडाळते."

तिने मला साखरेतून उचलले, माझ्या वळ्याला तळव्याच्या बाजूने पांढरा दोरा घट्ट गुंडाळला आणि बोटात घातले. मी ढिली का आहे हे तिला माहीत होते आणि रखमाजीला माहीत होते. त्या दोघांखेरीज ते फक्त मला माहीत होते.

मग माझी कामाची वर्षे सुरू झाली. कस्तुराबाई शेण काढायची, भाकऱ्या थापायची, उखळात आंबेमोहोर कांडायची, आणि मी सगळीकडे तिच्याबरोबर. दोरा मळायचा, तुटायचा, ती नवा गुंडाळायची. शेजारणी तिची थट्टा करायच्या, "कस्तुरे, अंगठी हाय का दोऱ्याचं रीळ?" मला ते फार लागायचे. सोन्याच्या अंगठीने अंगाला दोरा बांधून हिंडावे, याहून मोठी नामुष्की ती कोणती?

पण दरवर्षी आषाढ यायचा. लावणीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोटे फुगू लागली की कस्तुराबाई बांधावर उभी राहून माझा दोरा सोडायची आणि कनवटीला लावायची. मग मी बोटात अशी बसायचे, की जणू तिथेच उगवले आहे. खाचराच्या पलीकडच्या टोकाला रखमाजी बैल हाकत असायचा. जवळून जाताना तो हळूच विचारायचा, "बसली का?"

"बसली," ती रोप लावता लावता म्हणायची.

बस्स, एवढेच बोलणे. वर्षातून एकदा. वर्षातले वीस-बावीस दिवस मी बरोबर मापाची असायचे आणि त्या दिवसांत मला कशाचाच कमीपणा वाटायचा नाही. पुढे चिखल सरायचा, बोटे ओसरायची आणि माझ्या नशिबी पुन्हा दोरा यायचा.

या दोऱ्याने मला सांभाळले आणि त्यानेच मला झिजवलेही. त्याच्या कडेला चिखलाचे, तुसाचे बारीक कण अडकायचे. ते रोज थोडे थोडे सोने खायचे. हळूहळू तिथे खाच पडली. खाचेची चीर झाली. मुसळ घेऊन कांडताना खडा धरून ठेवणारी एक नखीही मोडली. कस्तुराबाईच्या हाताला चीर टोचत असणार, पण ती कधी बोलली नाही.

एकोणीसशे छप्पन्नच्या माघात रखमाजी तापाने गेला. त्यानंतर तिने मला बोटातून उतरवले. दोऱ्यासकट एका पत्र्याच्या डबीत ठेवले आणि डबी भाताच्या कणगीत पुरून टाकली. पुढच्या आषाढात तिने डबी वर काढली, उघडली, माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि पुन्हा झाकण लावले. खरे सांगते मित्रांनो, मला राग आला. बावीस वर्षे इमानाने चाकरी केली, तिचे हे फळ? तिला तेव्हा काय होत होते, ते मला कळले नाही. मला फक्त अंधार कळत होता. डबीत चार वर्षे काढली मी.

साठ साली डबी उघडली ती गोरखने. गोरख हा कस्तुराबाईचा एकुलता एक मुलगा. तो लोणावळ्याला रेल्वेत लागला होता, घाटातले रूळ सांभाळणाऱ्या टोळीत. त्याचे लग्न वडिवळ्याच्या रतनशी ठरले होते. घरात सोने म्हणजे मीच, तेव्हा साखरपुड्याला मीच जाणार हे उघड होते. पण माझी ती दशा! चीर गेलेली, खडा हलतोय, अंगाला काळा पडलेला दोरा.

गोरखने मला खिशात घातले आणि लोणावळ्याच्या एका दुकानात नेले. तिथे मी काचेचे कपाट पाहिले. आत निळ्या मखमलीवर ओळीने अंगठ्या बसलेल्या. कुणाला फुलाची घडण, कुणाला पानाची. एकीच्याही अंगावर ओरखडा नाही. मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. दुकानदार भला माणूस होता, तो म्हणाला, "हिला दुरुस्त करण्यापेक्षा मोडून टाका. याच सोन्यात फुलाची छान होईल." मला तर त्याच क्षणी मोडून घ्यावेसे वाटले! मी मनात म्हटले, गोरखा, हो म्हण.

गोरखच्याही मनात तेच होते. घरी येऊन त्याने आईला सांगितले. कस्तुराबाई तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले.

"मोड," ती म्हणाली. "पन कामशेतात मोड. जितं घडली तितं."

म्हणून आश्विनातल्या बाजाराच्या दिवशी मायलेक मला घेऊन कामशेतला आले. धोंडिबा आता नव्हते. त्यांच्या जागी त्यांचा मुलगा सखाराम बसत होता. तोही पन्नाशीचा, वडिलांचाच चष्मा लावून बसल्यासारखा. त्याने मला हातात घेतले आणि दोरा कापायला सुरी उचलली.

"कापू नगा सखारामभाऊ. म्या सोडते," कस्तुराबाई म्हणाली. तिने सावकाश एकेक वेढा सोडला आणि दोरा मुठीत धरला.

सखारामने मला रिठ्याच्या पाण्यात धुतले आणि भिंग लावून पाहिले. मग तो गोरखला म्हणाला, "हे बघा, दोन वाटा आहेत. चिरेत नव्या सोन्याचा तुकडा बसवून डाख द्यायचा आणि खड्याला नवी नखी करायची. मग अंगठी हीच राहील. पण डाख दिसेल, तो काही मला लपवता यायचा नाही. नाहीतर मोडायची, मुशीत आटवायची आणि नवी करायची. खडा तेवढा हाच बसवू."

"मोडा," गोरख म्हणाला. "वडिवळ्याची मानसं काय म्हनतील? रेल्वेत नोकरी, आन् बायकूला डाख दिलेली अंगठी!"

सखारामने त्याच्याकडे लक्ष दिले नाही. "कस्तुराबाई, आमच्या वडिलांच्या हातची वस्तू आहे ही. आणि तुमची आहे. तुम्ही बोला."

कस्तुराबाईने माझ्याकडे पाहिलेच नाही. "त्याचं लगीन हाय. त्याला पायजे तशी करा," ती म्हणाली. मग मूठ जरा घट्ट करून म्हणाली, "ह्यो दोरा मातूर मी नेते."

"आये, बाजारातनं नवा दोरा घे की," गोरख हसला. "त्या कुजक्या दोऱ्याचं काय करनार?"

 दोरा तिने कनवटीला लावला.

सखारामने शेगडी फुलवली आणि तिच्यावर मूस ठेवली. मूस म्हणजे सोने वितळवायची लहानशी मातीची वाटी. ती लाल होऊ लागली. मी आनंदात होते. थोड्याच वेळात माझ्या अंगावरची खाच जाणार होती, चीर जाणार होती, बायकांची थट्टा, कणगीतला अंधार, सगळे जाणार होते. आणि तेवढ्यात माझ्या मनात आले, की माप? माझ्या पोटातली ती मोकळी जागा, आषाढातल्या एका बोटाएवढी, तीही जाणार. रखमाजीचा फोटो नव्हता. त्याचे उपरणे कधीच विरून गेले होते. त्याने स्वतःच्या हाताने घेतलेले ते माप मात्र अजून जगात होते, आणि ते माझ्यात होते. कस्तुराबाई खाली मान घालून का बसली आहे, डबीचे झाकण तिने पुन्हा का लावले होते, ते मला तेव्हा कळले. फार उशिरा कळले. अंगठीला ओरडता आले असते तर मी त्या ओट्यावर ओरडले असते.

"मुलीच्या बोटाचं माप आणलंय ना?" सखारामने विचारले.

"आनलंय की." गोरखने सदऱ्याच्या खिशातून तांब्याच्या बारीक तारेचे एक कडे काढले. ते पुढे करताना त्याचे कान लाल झाले होते.

कस्तुराबाईने मान वर केली. "माप कवा घेतलंस?"

"आखाडात."

"कुटं?"

गोरख रस्त्यावरची माणसे बघू लागला. अगदी बापासारखा! "वडिवळ्याला इर्जिक हुती. एक दिस गेलतो."

"आन् मला म्हनलास ताप आला म्हनून रजा टाकली!"

ती त्याच्याकडे बघतच राहिली. मग एकाएकी हसायला लागली. तोंडाला पदर लावला तरी हसू थांबेना. सखारामही चकित होऊन पाहू लागला. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले आणि मग ते हसू कुठे संपले आणि रडू कुठे सुरू झाले, ते कुणालाच कळले नाही.

"आरं येड्या," ती शेवटी म्हणाली, "चिखलातलं फुगल्यालं बोट त्ये! दिवाळीला अंगठी ढिली हुईल. साखरंत पडंल."

"तुला काय ठावं?"

"तुज्या आबानं ह्येच केलं हुतं."

आणि तिने सांगितले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा, सोनाराच्या ओट्यावर बसून, तिने ती इर्जिक सांगितली. उपरण्याचा दोरा सांगितला, साखरेचे ताट सांगितले, भिमाजीचा राग सांगितला. फार काही रंगवून नाही, बाजारात काय भाव चालला आहे ते सांगावे तसे. फक्त "बसली का?" हे दोन शब्द सांगताना तिने कनवटीचा दोरा चाचपला.

सखारामने तारेचे कडे मापाच्या सळईवर सरकवले. मग मला सरकवले. आम्ही दोघे जवळजवळ एकाच खुणेवर थांबलो.  चिमट्याने त्याने लाल झालेली मूस उचलली आणि बाजूला विटेवर ठेवली.

"आये, ह्ये आधी का न्हाई बोललीस?" गोरखने विचारले.

"बोलले आसते तर तू मोडली नसतीस. आन् मनातनं हळहळला आसतास. तुज्या हौसंत माजं कशाला घालू?"

गोरख मला तळहातावर घेऊन बसला. त्याचा हात लोखंडाने आणि खडीने राठ झाला होता. मी चिरेने त्याला टोचत असेन.  वडिवळ्याची माणसे, काचेच्या कपाटातले फूल, सगळे त्याच्या डोळ्यांसमोर असणार. 

"डाख द्या," तो म्हणाला. "दिसू दे दिसला तर. पन सखारामभाऊ, माप बदलू नगा."

मित्रांनो, फुंकणीची ज्योत अंगावर घेणे सोपे नसते. नवे सोने जुन्या सोन्यात शिरताना फार दुखते. पण मी कुरकुरले नाही. माझी ती शिक्षा होती आणि ते बक्षीसही होते.

कार्तिकात वडिवळ्याला साखरपुडा झाला. अंगठी दाखवण्यासाठी मंडळींत फिरवली तेव्हा रतनच्या मावशीने, नंदाबाईने, मला उजेडात धरले. "अगं बया, ही तर डाख दिल्याली!"  पुढे गोरखने मला रतनच्या बोटात घातले, तशी मी गर्रकन फिरले आणि खडा खाली गेला. "आन् ढिली बी हाय!" नंदाबाई म्हणाली. "परत द्या सोनाराला."

गोरखने आईकडे पाहिले. तिचा हात कनवटीपाशी होता, पण ठरवायचे ते रतननेच, म्हणून ती थांबली. आणि रतनला तर कुणीच काही सांगितले नव्हते. सांगायला भेटणार कोण आणि कसे?

रतनने मला बोटावर एकदा फिरवले. डाखावरून हलकेच अंगठा फिरवला. मग तिने मान वर न करता डोळ्यांच्या कोपऱ्यातून गोरखकडे पाहिले. आषाढात आपण बोट पुढे केले होते, हे तिच्या चांगलेच ध्यानात होते.

"ऱ्हाऊ द्या मावशी," ती हळू आवाजात म्हणाली. "आखाडात बसंल."

बैठकीतल्या कुणाला त्याचा अर्थ लागला नाही. कस्तुराबाई मात्र उठली, पोरीपाशी जाऊन बसली आणि कनवटीचा दोरा काढून तिने तो माझ्या वळ्याला गुंडाळला. जुनाच दोरा होता तो, काळा पडलेला. आणि त्या दिवशी मला त्याची जराही लाज वाटली नाही.

लग्न उन्हाळ्यात झाले. पुढचा आषाढ आला तेव्हा गोरख घाटात होता. पावसात दरडी पडतात, त्याला रजा कुठली! टाकव्याच्या खाचरात सासू आणि सून लावणी करत होत्या. तिसऱ्या दिवशी रतनने बांधावर उभे राहून माझा दोरा सोडला आणि कनवटीला लावला. मी तिच्या बोटात घट्ट बसले. पलीकडच्या ओळीत कस्तुराबाई वाकलेली होती. पावसासाठी डोक्यावर घेतलेल्या इरल्याखालून तिचा आवाज आला.

"बसली का?"

पाच आषाढ खाचरात ते शब्द कुणी उच्चारले नव्हते.

"बसली, आत्याबाई," रतन म्हणाली.

कस्तुराबाईने पुढचे रोप चिखलात खोचले.

आता एकोणीसशे बहात्तर साल चालू आहे. मी तुम्हाला उपदेश करण्याएवढी शहाणी नाही. जुने कधी मोडूच नये, असेही मी म्हणणार नाही. सगळेच जपत बसलो तर सोनारांनी शेगडी कशाला पेटवायची? पण एखादी वस्तू मोडायला काढाल तेव्हा घरात जे माणूस गप्प बसले असेल, त्याच्यापाशी जाऊन बसा आणि विचारा, की ही वस्तू अशी का आहे? कस्तुराबाईला हे कुणी विचारले नव्हते. एका तारेच्या कड्यामुळे मी वाचले. सगळ्याच वस्तूंचे नशीब एवढे चांगले नसते.

कस्तुराबाईला आता दिसत नाही. ती शेतावर येत नाही, ओसरीवर बसून असते. लावणीच्या दिवसांत रतन घरी येते ती हातपाय न धुताच आधी तिच्याकडे जाते आणि चिखलाचा हात तिच्या मांडीवर ठेवते. म्हातारी माझ्यावरून बोट फिरवते, डाखावर जरा थांबते, मला हलवून बघते. मी हलत नाही. मग ती काही न विचारताच म्हणते, "बसली."